मासे हौसेचे, काम कोणाचे?

वाढदिवसाला मुलाने हट्ट धरला आणि घरात फिशटँक आला. दिवाणखान्यातल्या शोकेसवरची फुलदाणी हलवून त्याला मानाची जागा मिळाली. पहिले आठ दिवस सगळे घर त्याच्याभोवती. बाबा ऑफिसातून आले की बूट न काढताच आधी मासे मोजतात, आजी देवापाशी दिवा लावून झाला की खुर्ची ओढून तिथेच बसते, आणि मुलगा दिवसातून सहा वेळा चिमूट चिमूट खाद्य टाकतो. तिसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसू लागते. काचेवर हिरवा थर चढतो. जवळ गेले की वास येतो. मग एका रविवारी आई पदर खोचते. मासे बादलीत, खडी परातीत, फिल्टर नळाखाली. काचा साबणाने घासून लख्ख होतात, ताजे पाणी भरले जाते आणि मासे परत सोडले जातात. दोन तास गेलेले असतात, कंबर धरलेली असते, पण टाकी कशी अगदी नवी कोरी!

आणि मंगळवारी सकाळी दोन मासे उलटे तरंगत असतात.

‘‘आई, आपण तर त्यांचं घर स्वच्छ केलं होतं ना?’’ शाळेचा गणवेश चढवलेला मुलगा विचारतो. आईपाशी उत्तर नसते. दुकानदार म्हणतो, ‘‘मासाच नाजूक होता, दुसरा घेऊन जा.’’ असे दोन-तीनदा झाले की फिशटँक माळ्यावर जातो. त्यात पुढे लोणच्याच्या बरण्या किंवा जुनी वर्तमानपत्रे राहायला येतात.

घरोघरी घडणाऱ्या या गोष्टीतली मेख अशी की मासे घाणीने मेलेले नसतात. ते एकाच दिवशी केलेल्या अति साफसफाईने मेलेले असतात. म्हणजे ज्या कामाने आईची कंबर मोडली, त्याच कामाने माशांचा जीव घेतला. फिशटँकचे काम कमी करता येते, अगदी निम्म्याहून कमी. त्यासाठी महागड्या वस्तूंची गरज नाही. घरात पडलेल्या चार वस्तू आणि एक गोष्ट नीट समजणे पुरेसे आहे.

विरजण सांभाळा

मासे पाण्यात अमोनिया सोडतात. तो मुख्यतः त्यांच्या कल्ल्यांतून बाहेर पडतो. उरलेले खाद्य आणि कुजलेली पाने त्यात भर घालतात. अमोनिया माशांना विषारी असतो. नदी-तळ्यात पाणी अफाट असल्यामुळे तो विरून जातो, पण काचेच्या पेटीत तो साठत राहतो. मग मासे जगतात कसे? तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंमुळे. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात साठेपर्यंत माशांना त्रास देत नाही, आणि थोडे थोडे पाणी बदलले की तेही कमी होते.

हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, शोभेच्या दगडांवर चिकटून राहतात. हेच टाकीचे विरजण. दह्याचे भांडे घासून पुसून लख्ख केले आणि विरजणही ओतून दिले, तर दुसऱ्या दिवशी दही लागणार कसे? स्पंज नळाखाली धुतला की नळाच्या पाण्यातले क्लोरीन हे विरजण मारते. खडी साबणाने धुतली तर उरलेसुरलेही जाते. त्यानंतर मासे सोडलेले असतात ते दिसायला स्वच्छ, पण दर तासाला विषारी होत जाणाऱ्या पाण्यात.

नव्या टाकीत हे विरजण तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी डझनभर मासे आणू नयेत. सुरुवातीला दोन-तीन काटक मासे ठेवावेत, खाद्य अगदी कमी द्यावे आणि दर दोन दिवसांनी थोडे पाणी बदलावे. इथे पहिला आणि सर्वांत मोलाचा घरगुती उपाय कामी येतो. ओळखीच्या कुणाकडे जुना, निरोगी फिशटँक असेल, तर त्याच्या फिल्टरमधला मुठीएवढा मळका स्पंज किंवा ओंजळभर खडी मागून आणावी. ती त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यातून तासाभरात घरी आणावी आणि आपल्या टाकीत ठेवावी. शेजारणीकडून वाटीत विरजण आणतो, अगदी तसेच. काही आठवड्यांचे काम यामुळे बरेच लवकर होते. मात्र तिथल्या माशांना रोग झालेला नाही, एवढी खात्री करून घ्यावी.

हा समतोलाचा विचार जुना आहे. १८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या टाकीत सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवण्याचा प्रयोग मांडला. पाने कुजून पाणी खराब होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या आणि टाकी सावरली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि मुंबईकरांच्या कितीतरी पिढ्यांनी काचेपलीकडचे मासे पहिल्यांदा पाहिले ते तिथेच. वॉरिंग्टन यांचा धडा घरच्या टाकीलाही लागू आहे. टाकीला स्वतःचे काम स्वतः करू दिले, तर माणसाचे काम उरते थोडेच.

माप एकदाच काढा

आपल्या टाकीत किती पाणी मावते हे बहुतेकांना ठाऊक नसते आणि त्यामुळे औषध, खाद्य, मासे सगळेच अंदाजाने चालते. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी, तिन्हींचा गुणाकार करून १००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरे पाणी ४५ ते ५० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे काच आणि खडी धरून ही टाकी ६०-७० किलोंच्या घरात जाते. ती ठेवायला डुगडुगणारे टेबल चालणार नाही. मजबूत स्टँड हवा आणि टाकीखाली थर्मोकोलची सपाट शीट हवी, म्हणजे वजन सगळीकडे सारखे पडते आणि तळाची काच तडकत नाही.

आता पट्टी घ्या. पाण्याच्या नेहमीच्या पातळीपासून खडीपर्यंतच्या उंचीचे चार भाग करा आणि वरचा एक भाग जिथे संपतो, तिथे काचेच्या बाहेरून नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावा. दर आठवड्याला पाणी त्या ठिपक्यापर्यंत काढायचे आणि तेवढेच नवे भरायचे. मोजमाप नाही, वाद नाही. २ फुटी टाकीसाठी हे पाणी साधारण १२ लिटर भरते, म्हणजे १५ लिटरची एक बादलीसुद्धा पूर्ण लागत नाही. सगळी टाकी रिकामी करण्याचा खटाटोप इथेच संपला.

बादली रात्रीच भरून ठेवा

नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांचे कल्ले भाजून काढते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे रुंद तोंडाच्या बादलीत पाणी भरून ते चोवीस तास उघडे ठेवणे. वर जाळीचे फडके बांधावे, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. पाण्यात एअर पंपची नळी सोडून ठेवली तर क्लोरीन आणखी लवकर उडून जाते. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते मात्र नुसते ठेवून उडत नाही. अशा ठिकाणी दुकानात त्यासाठीच मिळणारे द्रावण वापरावे.

घाई असेल तेव्हा हायपो कामाला येतो. एकेकाळी फोटो धुण्याच्या खोलीत वापरले जाणारे हे पांढरे खडे मत्स्यपेटीच्या दुकानात स्वस्तात मिळतात. बाटलीतले तयार ‘अँटिक्लोरीन’ अनेकदा याच हायपोचे द्रावण असते. १० ग्रॅम हायपो १ लिटर पाण्यात विरघळवून ते गडद रंगाच्या बाटलीत भरावे, वर नाव लिहावे आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. १५ लिटरच्या बादलीला यातले १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचा, नेहमीच्या नळाच्या पाण्याला पुरेसे होते. टाकून ढवळावे, पाच मिनिटे थांबावे. द्रावण महिन्याभराने नवे करावे.

बोअरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण क्षार जास्त असतात. मासे त्याला बऱ्यापैकी सरावतात. त्रास होतो तो आज नळाचे, उद्या बोअरिंगचे, परवा टँकरचे पाणी घातल्याने. शक्यतो एकच पाणी धरून ठेवावे. प्यायच्या आरओ यंत्राचे नुसते पाणीही नको. त्यात माशांना लागणारे क्षारच उरत नाहीत.

बाटलीचा सायफन

दुकानातला खडी साफ करायचा सायफन घरी दहा मिनिटांत होतो. प्लॅस्टिकची अर्ध्या लिटरची बाटली मधोमध कापा. वरच्या भागाच्या झाकणाला भोक पाडून त्यात दोन मीटर लांबीची पारदर्शक नळी घट्ट बसवा. कापलेली कड खरखरीत राहिली तर पॉलिश पेपरने घासा. झाला सायफन.

बादली टाकीपेक्षा खाली, जमिनीवर ठेवायची. नळीचे वेटोळे करून सगळा सायफन टाकीत बुडवायचा, आतली हवा निघून गेली की नळीचे मोकळे टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढायचे, बादलीत धरायचे आणि अंगठा सोडायचा. पाणी वाहू लागते. तोंडाने ओढायची गरज नाही. ते घाणेरडे पाणी पोटात जाणे बरे नव्हे. बाटलीचे रुंद तोंड खडीत टेकवले की खडी थोडी वर उचलली जाते, मळ नळीतून निघून जातो आणि खडी पुन्हा खाली बसते. एका आठवड्यात अर्धी खडी, पुढच्या आठवड्यात उरलेली. एका दिवशी सगळी नको. विरजणाची आठवण असू द्या.

बादलीतले हे पिवळसर पाणी मोरीत ओतू नका. त्यातले नायट्रेट झाडांचे खत आहे. गॅलरीतली जास्वंद, कढीपत्ता, तुळस या पाण्यावर तरारून वाढतात. टाकीत मीठ किंवा औषध घातलेले असेल, तेव्हा मात्र ते झाडांना घालू नये.

नवे पाणी भरताना खडीवर एक बशी ठेवावी आणि पाण्याची धार तिच्यावर सोडावी. खडी उखडत नाही आणि पाणी गढूळ होत नाही. थंडीत नव्या पाण्यात थोडे तापवलेले पाणी मिसळून ते टाकीइतके कोमट करून घ्यावे.

नळीचाच आणखी एक उपयोग आहे. औषधाच्या दुकानातून सलाइनचा नवा सेट आणावा. नवे मासे आणले की पिशवी बंद असतानाच ती टाकीच्या पाण्यावर १५-२० मिनिटे तरंगू द्यावी, मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत काढावेत आणि सलाइनच्या नळीतून टाकीचे पाणी थेंब थेंब अर्धा तास त्यात पडू द्यावे. चाकी फिरवून धार हवी तशी कमी-जास्त करता येते. नंतर मासे जाळीने टाकीत सोडावेत. दुकानातले पाणी टाकीत ओतू नये.

घरच्या घरी फिल्टर

एअर पंप असेल, तर फिल्टर घरी करता येतो. अर्ध्या लिटरची दुसरी बाटली घ्या. तिच्या खांद्यापाशी गरम सुईने वीस-पंचवीस भोके पाडा. हे काम मोठ्यांनीच करावे. बाटली भोकांच्या थोडी खाली कापून उघडा. तळापर्यंत पोहोचेल आणि तोंडातून दोन बोटे बाहेर राहील अशी, साधारण अर्ध्या इंच जाडीची कडक प्लॅस्टिकची नळी मधोमध उभी करा. नळीच्या खालच्या टोकाला दोन-तीन खाचा पाडा. तिच्याभोवती तळाशी वजनासाठी गोटे, त्यावर भांडी घासायच्या नायलॉनच्या दोन नव्या, साबण न लागलेल्या घासण्या आणि सर्वांत वर स्पंजचा जाड तुकडा भरा. तारेची घासणी चालणार नाही, ती गंजते. आता बाटलीचे तोंड परत बसवा आणि एअर पंपची बारीक नळी जाड नळीत वरून तळापर्यंत सोडा.

पंप सुरू झाला की बुडबुडे जाड नळीतून वर येतात आणि आपल्याबरोबर पाणी वर ढकलतात. त्याची जागा घ्यायला टाकीतले पाणी भोकांतून आत येते आणि स्पंज, घासणी, गोटे असा प्रवास करते. स्पंजात मळ अडकतो. घासणीच्या जाळीत जीवाणूंना वस्ती करायला भरपूर जागा मिळते. महिन्यातून एकदा, पाणी बदलताना बादलीत काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-तीनदा पिळावा. पिळून तो मळकट दिसला तरी चालेल. घासणीला हात लावू नये.

विजेच्या बाबतीत हयगय नको. टाकीत हात घालण्यापूर्वी सगळी बटणे बंद करून प्लग काढावेत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. तो खाली असला आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटे पंपात उतरते. तशी जागा नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळासारखी लोंबू द्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडते.

शेवाळ का येते?

शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खत. खिडकीपाशी ठेवलेली टाकी आणि रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा, मग शेवाळ येणारच. टाकी उन्हापासून दूर ठेवावी आणि दिवा ६ ते ८ तासच लावावा. विसर पडत असेल तर टायमरचा प्लग लावून मोकळे व्हावे.

काचेवर बसलेल्या थरासाठी मुदत संपलेले एटीएम कार्ड उत्तम. ते काचेला तिरके धरून खालून वर ओढले की थर सोलून निघतो. ॲक्रिलिकची टाकी असेल तर मात्र मऊ स्पंजच वापरावा, कारण तिच्यावर चरे पडतात. कोपऱ्यांसाठी जुना, पण कधीही पेस्ट न लागलेला टूथब्रश ठेवावा. पाण्याच्या कडेला दिसणारी पांढरी रेघ क्षारांची असते. पाणी थोडे खाली काढल्यावर व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने ती पुसावी आणि नंतर साध्या पाण्याचे फडके फिरवावे.

मनीप्लँटची मदतही घ्यावी. त्याची फांदी टाकीच्या मागच्या काठाला अडकवून फक्त मुळे पाण्यात सोडावीत, पाने बाहेर. मुळे नायट्रेट शोषून घेतात, शेवाळाचे खत कमी होते आणि दिवाणखान्याला हिरवाई मिळते. पाण्याच्या आत जावा फर्न किंवा अनुबियास लावावे. ही दोन्ही कमी उजेडात वाढतात आणि मातीही मागत नाहीत. दगडाला दोऱ्याने बांधली की पुरे.

चिमूटभराचा हिशेब

फिशटँकमधली निम्मी घाण खाद्याच्या डब्यातून येते. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य, दिवसातून एक किंवा दोन वेळा. मासे काचेपाशी येऊन तोंड हलवतात, ते प्रत्येक वेळी भुकेने नव्हे. डबा हातात घेणारा माणूस ते ओळखू लागलेले असतात. आठवड्यातून एक दिवस उपवास मोठ्या माशांना उलट मानवतो. पोळीचा चुरा, ब्रेड, भात टाकू नये. पाणी नासते. सोनेरी माशांना अधूनमधून उकडलेला, साल काढलेला मटार द्यावा, पोट साफ राहते.

मुले, आजी आणि बाबा यांनी एकमेकांना न सांगता तीनदा खायला घालणे, हा घरोघरचा प्रश्न. त्यावर औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी हा नामी उपाय आहे. रविवारी प्रत्येक खणात त्या त्या दिवसाचे खाद्य भरून ठेवावे. आजचा खण रिकामा दिसला, म्हणजे मासे जेवले. गावाला जाताना हीच डबी शेजारी द्यावी आणि खाद्याचा मोठा डबा कपाटात ठेवून जावे, नाहीतर शेजारच्या काकू प्रेमापोटी आठवड्याचे खाद्य दोन दिवसांत संपवतील. तीन-चार दिवसांचीच सहल असेल तर निरोगी, मोठे मासे उपाशी सहज राहतात.

खाद्य टाकीभर पसरू नये म्हणून एअर पंपच्या नळीचा फूटभर तुकडा घेऊन त्याची दोन टोके जोडणीच्या तुकड्याने जुळवावीत. हवेने भरलेले हे कडे पाण्यावर तरंगते. खाद्य कड्याच्या आत टाकायचे. उरलेले तिथेच दिसते आणि चहाच्या गाळणीने उचलता येते.

वीज गेली, ऊन वाढले

वीज दोन-चार तास गेली तर घाबरू नये. त्या काळात खाद्य देऊ नये, टाकीचे झाकण उघडावे आणि दर पंधरा मिनिटांनी मगभर पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतावे. पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो. जिथे वीज वारंवार जाते तिथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवावा.

नागपूर-इंदूरच्या उन्हाळ्यात पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासे वर येऊन धापा टाकू लागतात. बर्फाचे खडे टाकू नयेत. पाणी गोठवलेली बंद बाटली टाकीत तरंगत ठेवावी आणि ती एकदम नव्हे, हळूहळू परिणाम करील इतकीच लहान घ्यावी. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तरी दोन-तीन अंश फरक पडतो. दिल्ली-बडोद्याच्या थंडीत उलट काम. गप्पी, टेट्रा, एंजल यांना २४ ते २८ अंश लागतात, तेव्हा हीटर हवा. टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्मोकोल लावला तर हीटर कमी वेळ चालतो. सोनेरी मासा मात्र थंडीचा सोबती. त्याला हीटरची सहसा गरज नसते.

हे शॉर्टकट नकोत

काही सोपे वाटणारे उपाय जिवावर बेततात.

काच खाणाऱ्यासारखा चिकटून बसणारा काळा ‘सकर’ मासा ‘हा सगळी टाकी साफ करतो’ म्हणून विकला जातो. तो थोडेफार शेवाळ खातो हे खरे, पण दोन बोटांचा आणलेला हा मासा फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो आणि साफ करतो त्यापेक्षा जास्त घाण करतो. मोठा झाला म्हणून त्याला किंवा कुठल्याही माशाला तळ्यात, नदीत सोडू नये. केरळ, आंध्र, पश्चिम बंगालमधल्या पाण्यांत हे परदेशी सकर पसरले आहेत आणि स्थानिक माशांना आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना उपद्रव ठरले आहेत. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा.

साबण, डिटर्जंट, फिनेल यांचा अंशही टाकीत जाऊ नये. माशांची बादली, मग आणि फडके वेगळेच ठेवावे, त्यावर रंगाची खूण करावी. डास मारण्याचा फवारा माशांना अतिशय विषारी असतो आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. फवारणीच्या वेळी पंप बंद करून टाकी ओल्या टॉवेलने पूर्ण झाकावी आणि खोलीची हवा खेळती झाल्यावरच उघडावी. त्या खोलीत फवारणी टाळणे सर्वांत चांगले.

समुद्रकिनाऱ्यावरचे शंख आणि वाळू गोड्या पाण्याच्या टाकीत घालू नये, पाण्याचा गुणधर्म बदलतो. दगडाची परीक्षा सोपी आहे. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला तर त्यात चुना आहे, तो नको. पाणी निवळावे म्हणून तुरटी फिरवणेही घातक, कारण तिने पाणी एकदम आम्ल होऊ शकते. आणि टेबलावरचा गोल काचेचा वाडगा हा तर सर्वांत फसवा शॉर्टकट. थोडे पाणी म्हणजे कमी काम, असे वाटते. प्रत्यक्षात थोडे पाणी लवकर बिघडते. मोठ्या टाकीत चूक सावरायला वेळ मिळतो. नीट सांभाळला तर सोनेरी मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. वाडग्यात तो क्वचितच वर्ष काढतो.

मासे निवडतानाही हेच सूत्र. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरचा रविवारचा बाजार असो, चेन्नईचे कोलत्तूर असो की मुंबईतले कुर्ला, रंग पाहून पिशव्या भरल्या जातात. २ फुटी टाकीला आठ-दहा छोटे मासे पुरेत. आपल्याच देशातल्या ओढ्या-नद्यांतला पट्टेदार झेब्रा डॅनियो काटक, स्वस्त आणि चपळ आहे. पहिल्यांदा मासे पाळणाऱ्या घराला त्याच्यासारखा गुरू नाही.

---

चौकट : रविवारचा अर्धा तास

* शनिवारी रात्री : बादली भरून, जाळीचे फडके बांधून ठेवणे.
* पहिली पाच मिनिटे : प्लग काढणे, मासे मोजणे, कुणी सुस्त किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा दिसतो का ते पाहणे.
* पुढची पाच : एटीएम कार्डाने पुढची काच साफ करणे. मागची काच सोडून द्यावी, तिथले शेवाळ मासे खातात.
* पुढची दहा : सायफनने अर्ध्या खडीतला मळ काढत पाणी नेलपॉलिशच्या ठिपक्यापर्यंत आणणे. महिन्याच्या पहिल्या रविवारी याच पाण्यात स्पंज पिळणे.
* शेवटची दहा : बशीवर धार धरून नवे पाणी भरणे, हात पुसून प्लग लावणे, जुने पाणी कुंड्यांना घालणे, डबीचे सात खण भरणे.
* मासे एकाएकी वर येऊन धापा टाकू लागले तर : त्या दिवशी खाद्य बंद, क्लोरीन घालवलेल्या पाण्याने चौथा हिस्सा पाणी बदलणे, हवा वाढवणे. सगळी टाकी रिकामी करायची नाही.

---

या अर्ध्या तासात आईचा वाटा किती असावा? खरे तर फारच थोडा. कार्ड ओढणे आठ वर्षांच्या मुलाला जमते. खण भरणे आजी आणि नातवंडांनी मिळून करावे. सायफनची बादली बाबांनी उचलावी. सगळी टाकी रिकामी करण्याचे जड काम एकट्या आईवर पडत होते, कारण ते दुसऱ्या कुणाला झेपण्यासारखे नव्हते. कामाचे लहान लहान तुकडे झाले की ते वाटता येते, आणि वाटले की ओझे उरत नाही.

आणि मुलाने तो प्रश्न पुन्हा विचारलाच, तर आता उत्तर देता येईल. ‘‘बाळा, आपण त्यांचं घर स्वच्छ केलं, पण त्यांचं विरजणही ओतून दिलं. आता थोडं थोडंच साफ करायचं.’’ पुढच्या रविवारी हातात जुने एटीएम कार्ड घेऊन तो स्वतःच टाकीसमोर उभा राहील. मासे मोजून पुरे भरले, की हौस खरी त्याची झाली.